गाडीचं तोंड

माळशिरस
५ नोव्हेंबर २०२५

मथुराक्का,

साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिला. फोन तू उचलत नाहीस. दाजींना केला तर ते म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा, मला दुकान आहे." म्हणून पत्र.

संस्कृतीचं लग्न फेब्रुवारीत धरलंय. घरापासून कार्यालयापर्यंत आप्पांच्या जुन्या ऑस्टिन मोटारीतूनच जाणार, असा पोरीचा हट्ट आहे. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून मी त्या गाडीखालीच आडवा आहे. इंजिन चालू झालंय, ब्रेक लागतात, आतलं रेक्झिन नवीन घातलंय. फक्त गाडीला तोंड नाही. बॉनेट, दोन्ही मडगार्डं आणि पुढची जाळी तीन वर्षांपूर्वी तू टेम्पोत घालून सोलापूरला नेलीस. आता जाणारा-येणारा फाटकाशी थांबून विचारतो, "उदयराव, मुंडकं कुठाय गाडीचं?" मी काय सांगू? माझ्या बहिणीनं पलंगाखाली ठेवलंय म्हणून सांगू?

हे पत्र्याचे तुकडे तुझ्या काही उपयोगाचे नाहीत. तू त्यांचं पापड वाळवायला काही करत असशील तर ठाऊक नाही. पुढच्या आठवड्यात आमचा टेम्पो बेदाणा घेऊन सोलापूरला येतोय, त्यात घालून दे. लग्नात तुझा मानपान नीट करू, साडी तुझ्या पसंतीची घे.

एवढं तरी करशील असं वाटतं. ज्या गाडीचं तू एकदा वाटोळं केलंस, ती निदान उभी राहताना आडवी येऊ नकोस.

उदयसिंह

*

भवानी पेठ, सोलापूर
११ नोव्हेंबर २०२५

उदय,

फोन का उचलत नाही ते ऐक. फोनवर तू ओरडतोस, मग मी ओरडते, आणि तुझी बायको स्पीकर लावून अख्ख्या घराला ऐकवते. पत्रात मध्येच कुणाला तोंड घालता येत नाही. तेव्हा इथून पुढं पत्रच.

मी "नेलीस" म्हणे. विसरलास का रे? आप्पा गेल्यावर हक्कसोडीवर मी सही केली. जमीन, घर, दुकानाची जागा, सगळ्यावर. बहिणीनं हिस्सा मागितला तर माहेर तुटतं, असं तुम्ही सगळ्यांनी मला गोड बोलून सांगितलंत. सही झाल्यावर रीतीप्रमाणं तू चार माणसांत म्हणालास, "अक्का, बापाच्या घरातली एक वस्तू तुला आवडेल ती घे." तुला वाटलं, ही तांब्याचं घंगाळ उचलेल. मी म्हणाले, गाडीचं तोंड. तू हसलास. चार माणसं पण हसली. दुसऱ्या दिवशी मी गाड्यांचा पत्रा ठोकणाऱ्या बडेसाब डेंटरला घेऊन आले आणि त्यानं एकेक बोल्ट काढायला घेतला तेव्हा तुझं हसू आटलं.

तर वस्तू माझी आहे आणि तुला ती हवी आहे. साडी नको, माझं कपाट भरलंय. माझी अट एकच. संस्कृतीला कार्यालयापर्यंत त्या गाडीतून मी नेणार. चाकावर मी बसणार.

पापड मी गच्चीवर वाळवते. उजवं मडगार्ड तुझ्या टेम्पोत घालून देते, बसवून दाखव. तू कारखान्यात पंप दुरुस्त केलेस, गाडीचा पत्रा कधी धरला नाहीस. आप्पांच्या हाताखाली बॅटरी धरून मी उभी असायचे, तू विटीदांडू खेळायला जायचास. म्हणून सांगते, आधी मडगार्ड दाराशी जुळव, त्यावरून बॉनेट, सगळ्यात शेवटी तोंडाची जाळी. आणि सगळं एका रेषेत आल्याशिवाय एकही बोल्ट आवळायचा नाही. नुसते लटकत ठेवायचे.

मथुरा

*

माळशिरस
२० नोव्हेंबर २०२५

अक्का,

मडगार्ड पोचलं. बसलं. दाराची आणि त्याची फट वरपासून खालपर्यंत एकसारखी, बोट फिरवून बघितलं. तेव्हा मला शिकवायची गरज नाही.

तुझी अट वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन चूळ भरून आलो. तू गाडी चालवणार? माझ्या पोरीला पाठीमागं बसवून? अगं, आपल्याकडं कुठलंही लग्न असो, जेवणं झाली की कुणीतरी म्हणतंच, "मथुराला चावी देऊ नका." लहान पोरांनासुद्धा पाठ झालंय. आणि तू वऱ्हाडाच्या पुढं त्याच गाडीच्या चाकावर बसणार!

मी पंधरा वर्षांचा होतो, मला सगळं आठवतंय. तू पुलाच्या दगडावर गाडी घातलीस. डावं मडगार्ड चेपलं, दिवा फुटला, ते बडेसाबनं आठवड्यात सरळ केलं. पण चासी, गाडीचा खालचा सांगाडाच, वाकली ती वाकलीच. आप्पा म्हणाले, "पोरीनं गाडी कायमची बाद केली." दोन दिवस ते जेवले नाहीत. मरेपर्यंत त्यांनी ती गाडी परत गावाबाहेर काढली नाही. आयुष्यात एकच हौस केली होती त्या माणसानं. सायकली भाड्यानं देऊन देऊन घेतलेली मोटार होती ती.

तेव्हा अट सोड. राहिलेलं तोंड आठ दिवसांत पाठव, नाहीतर मी पुण्याहून फायबरचं करून आणतो. पोराच्या मित्रानं भावसुद्धा काढलाय.

उदयसिंह

*

सोलापूर
२८ नोव्हेंबर २०२५

उदय,

लाव फायबरचं. लग्नातल्या घोड्यालासुद्धा लाव.

तुझ्या पत्रानं काही पाठवलं नसतं. पण परवा संस्कृती इथं आली, दुपारभर बसली, माझ्या हातची शेंगापोळी खाल्ली आणि जाताना म्हणाली, "आत्या, तुमच्या दोघांच्या भांडणात माझी गाडी राहील गं." पोरीसाठी डावं मडगार्ड आणि बॉनेट पाठवतेय. जाळी माझ्याकडंच राहील. अट आहे तिथंच आहे.

आणि तुला सगळं आठवतंय म्हणतोस, तर जे तुला ठाऊक नाही ते वाच. मी अठराची होते. बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, वर्गात दुसरी आले होते. आप्पांनी स्वतः मला गाडी शिकवली, कारण तुझे पाय पोचत नव्हते. पहिल्या दिवसापासून मी त्यांना सांगत होते, "आप्पा, गाडी डावीकडं ओढते." ते म्हणायचे, "गाडी नाही ओढत, तुझ्या हाताला वळण नाही." मी उजवीकडं दाबून धरायची, मनगटं दुखायची, पण गप्प बसायची. वाटायचं, आपलीच चूक. पुलाशी समोरून बैलगाडी आली, मी क्षणभर हात सैल सोडला आणि गाडी आपणहून डावीकडं दगडावर गेली.

त्यानंतर कॉलेज बंद. "जिला गाडी सांभाळता येत नाही ती शहरात काय सांभाळणार?" हे आप्पांचे शब्द, माझ्या कानात आहेत. दिवाळीच्या आत लग्न लावून दिलं. ह्यांच्या घरच्यांनासुद्धा बैठकीत हसत हसत सांगितलं, पोरगी गुणी आहे, फक्त गाडीपासून लांब ठेवा. माझ्या सासूनं मरेपर्यंत मला रिक्षात पुढं बसू दिलं नाही. तू म्हणतोस, मी गाडीचं वाटोळं केलं. माझं कुणी केलं ते पण लिही की एखाद्या पत्रात.

मथुरा

*

माळशिरस
९ डिसेंबर २०२५

मथुराक्का,

शेवटी तू तुझी जात दाखवलीसच.

पाच दिवस मी झटतोय. तुझ्या म्हणण्याप्रमाणं सगळे बोल्ट सैल ठेवले. उजवीकडं बॉनेट आणि मडगार्डची फट सरळ येते. डावीकडं मागं पोस्टकार्ड जात नाही आणि पुढं अंगठा जातो. मडगार्ड वर उचलून धरलं तर दाराशी पायरी पडते, दार उघडताना रंग खरवडतं. खाली सोडलं तर पुढून नाक लोंबतं. बॉनेट डावीकडं सरकवलं तर उजवीकडचं सगळं बिघडतं. वाकडी चासी मला ठाऊक आहे. पण ती तर चाळीस वर्षं वाकडीच होती, आणि तू नेलंस त्या दिवसापर्यंत हेच मडगार्ड हिच्यावर नीट बसलेलं होतं. मी रोज फडक्यानं पुसत होतो, मला सांगू नकोस.

म्हणजे एक तर तू तिथं कुणाकडून त्याला हातोडी मारून घेतलीस, नाहीतर आप्पांचं अस्सल विकून दाजींनी भंगारातलं दुसरं आणून ठेवलं. दुकान चालत नाही असं ऐकतो. अडचण होती तर तोंडानं मागायचं होतंस. बापाची वस्तू अशी वाकडी करून पाठवताना हात कसा धजला तुझा?

आई बाजेवरून सगळं बघत असते. काल मला म्हणाली, "नगं रं त्या गाडीच्या नादी लागू, झाकून ठीव." तिलासुद्धा तुझी करणी कळलीय. लग्नाची पत्रिका पोस्टानं येईल. यायचं की नाही ते तू ठरव.

उदयसिंह

*

सोलापूर
१६ डिसेंबर २०२५

उदय,

तुझं पत्र ह्यांनी वाचलं. साधा माणूस. दुकान उघडायला गेले आणि डबा घरीच विसरले. ह्यांच्याबद्दल परत असलं काही लिहिलंस तर जाळी मी हातोड्यानं चेचून पाठवीन, मग बसव.

मी तशीच तरातरा बडेसाबकडं गेले. म्हातारा आता ऐकत नाही, सून माजिदा त्याच्या कानाशी ओरडून सांगते. मी भांडायलाच गेले होते, तुम्ही काढताना माझं मडगार्ड वाकवलंत का म्हणून. तो उलट मलाच म्हणाला, "बाई, मडगार्डला आतनं बांधलेली पुडी कुटं हाय?" मला तर वाटत होतं, त्यात जुने बोल्ट आहेत. न उघडताच माळ्यावर टाकली होती. ती तीन वर्षं तिथंच पडून होती, एवढी चूक माझी. लिहून घे, माझ्या चुका तुम्हाला आवडतात.

घरी येऊन पुडी सोडली. उदय, आत सायकलीचे बिल्ले आहेत. आप्पांच्या भाड्याच्या सायकलींना दरवर्षी कर भरल्यावर लागायचे ते पत्र्याचे. मधलं भोक मोठं करून बोल्ट जाईल असं केलेलं, आणि चार, पाच, सहा असे एकमेकांवर रचून थप्प्या केलेल्या. बडेसाबनं सांगितलं, डावं मडगार्ड जिथं चासीवर बसतं तिथं या थप्प्या होत्या. चासी तिथं खाली गेलेली आहे, ती उणीव बिल्ल्यांनी भरून काढली होती. उजवीकडं एकही नाही. म्हणून तुझी डावी बाजू बसत नाही. हातोडी कुणी मारलेली नाही.

आता पुढचं बसून वाच. थप्प्यांच्या कडेला रंग आहे. वरून क्रीम, आणि नखानं खरवडलं की खाली हिरवा. गाडी हिरवी होती, आठवतंय? क्रीम रंग दिला तेव्हा तू पाचवीत होतास, वासानं अंगणात ओकला होतास, मीच तुझं तोंड धुतलं. माझा पुलाचा अपघात त्यानंतर चार-पाच वर्षांनी झाला. मग हिरव्या रंगाखाली बिल्ले कुणी घातले? मी आठवी-नववीत असताना ही चासी वाकलेली होती. आप्पांनी ती बिल्ले घालून वरून सरळ दाखवली, आणि त्याच वाकड्या गाडीवर मला शिकवली.

खोटं वाटत असेल तर डावीकडं आत शीर. मडगार्डची पट्टी चासीला जिथं मिळते तिथला रंग खरवड. मग आईला विचार. ती झाकून ठेव का म्हणते ते विचार.

मथुरा

*

माळशिरस
२७ डिसेंबर २०२५

अक्का,

पत्र आल्यावर चार दिवस मी गाडीकडं गेलो नाही. बिल्ले काय, कुणीही कधीही घालू शकतं असं म्हणत होतो. मग काल आत शिरलो आणि खरवडलं.

तिथं वेल्डिंगचा जोड आहे. हातभर पट्टी मारलीय. जोडावर क्रीम रंग, त्याच्याखाली हिरवा. हिरव्याच्या खाली नुसतं लोखंड. दोनदा बघितलं. पोराला बोलावून त्यालाही दाखवलं, कारण माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास बसेना.

तसाच तेलकट हातानं आईसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, ही चासी कुणी वाकवली? ती आधी म्हणाली, मला गाडीतलं काय कळतंय. मी हललो नाही. मग म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो.

"व्हय, मला ठावं हाय. वैरागच्या पावन्यांकडनं येताना तुज्या बानंच दगडाला घातली हुती. मी शेजारी बसलेली. कुनाला बोलायचं न्हाय म्हनलं. गावात हसं हुईल, गिऱ्हाईक सायकल न्यायला येनार न्हाय. मग मथीनं घातल्यावर त्येनी सगळं तिच्यावर ढकललं, तवा मी म्हनलं व्हतं, आवो, ही तर आदीच वाकडी हाय की. तर माझ्याकडं असं बगितलं, मी फुडं बोललेच न्हाय. म्हनलं, पोरीला घर चांगलं मिळालंय, सुखात हाय. कशाला उकरायचं?"

मला राग कुणाचा आलाय तेच समजेना. आईवर ओरडलो, ती भिंतीकडं तोंड करून झोपली. तुझा पण राग येतोय. तू ते तोंड मागितलं नसतंस तर मडगार्डं निघाली नसती आणि हे कधीच कळलं नसतं. आप्पा गेलेत. त्यांना उलटून विचारता येत नाही आणि त्यांच्याविरुद्ध लिहायला माझा हात धजत नाही. माणूस घाबरला असेल. त्या काळी मोटार घेणारा पहिला माणूस, सगळा गाव बघायला आला होता. एवढंच मी म्हणू शकतो, आणि एवढ्यानं तुझं काही भागत नाही हे मला कळतं.

दाजींबद्दल लिहिलं ते माझं चुकलं. त्यांना सांग, नाहीतर मी येऊन सांगतो.

बिल्ले आणि जाळी पाठव. लग्नाला सव्वा महिना राहिलाय. चालवण्याचं काय ते अजून माझ्या मनाचं ठरत नाही. आता कारण काही उरलेलं नाही. पण पाव्हण्यांत कसं दिसेल, आणि चाळीस वर्षांत तू चाकाला हात लावलेला नाहीस. तूच सांग काय करू.

उदय

*

भवानी पेठ, सोलापूर
३ जानेवारी २०२६

उदय,

ह्यांना पत्र दाखवलं. म्हणाले, "जाऊ दे, लग्नघर आहे." मी अजून जाऊ दिलेलं नाही.

माणूस घाबरला असेल म्हणतोस. घाबरला असेलच. पण तो गावाला घाबरला, आणि ते निस्तरायला त्यानं घरातली पोरगी पुढं केली. शेजारी बसलेली बाई सगळं बघत होती. मी चाळीस वर्षं प्रत्येक लग्नात हसणाऱ्यांबरोबर हसले. हात वाकडा नव्हता रे माझा. गाडी ओढत होती. मी सांगत होते की ओढते.

तू विचारलंस म्हणून सांगते. तुझं पहिलं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हिंग शाळेत नाव घातलं. पांढरी छोटी गाडी आहे, शिकवणारी पायल माझ्या मुलीपेक्षा लहान. पहिल्या दिवशी मी चाक उजवीकडं दाबून धरलं, जुनी सवय. ती म्हणाली, "मावशी, सोडा की जरा, कशाला भांडताय तिच्याशी?" मी सोडलं. उदय, गाडी सरळ गेली. विजापूर रोडला एवढा लांब रस्ता, ती सरळच जात राहिली. मी पुढं जाऊन गाडी कडेला लावली आणि ढसाढसा रडले. पायल बिचारी घाबरून पाणी शोधत बसली. गेल्या आठवड्यात लायसन आलं.

बिल्ले पाठवणार नाही. जाळीही नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी मी घेऊन येईन आणि माझ्या हातानं लावीन. तू दुसऱ्या बाजूनं बॉनेट धरून उभा राहायचं, बोल्ट मी आवळणार. तिथं मला शिकवायला आलास तर पाना तुझ्या पायावर पडेल. सगळी फट एका रेषेत आली की शेवटी तोंड. वाकडी चासी वाकडीच राहील. गाडी डावीकडं ओढेल, ते मला ठाऊक आहे, आता दाबून कसं धरायचं तेही ठाऊक आहे. पाव्हण्यांत कसं दिसेल ते पाव्हणे बघतील.

संस्कृतीला मागं बसवायचं. आईला पुढं, माझ्या शेजारी. तिची जागा तीच आहे, आप्पांनी गाडी दगडाला घातली त्या दिवशी पण तिथंच बसली होती. माझ्याशी बोलली नाही तरी चालेल, मीही बोलणार नाही. पुलावरून जाताना तिनं फक्त डोळे उघडे ठेवायचे.

आणि चावीचं. ती तू माझ्या हातात देऊ नकोस, आईनंही देऊ नये. तुमच्या हातून ती मला घ्यायची नाही. गाडीला लावून ठेव आणि सगळे बाजूला व्हा.

मथुरा